‘हा टोपीवाला कोण?’

२००० सालचा जुलै. एडिसनच्या टपाल कार्यालयात सांगलीला पाठवायच्या पत्रासाठी तिकिटं घ्यायला गेले होते. न्यू जर्सीत येऊन दोन वर्षं झाली होती. खिडकीवरच्या बाईंनी बेसबॉलपटूंचा एक ताव पुढे सरकवला. वीस तिकिटं, प्रत्येक ३३ सेंटचं, म्हणजे ६ डॉलर ६० सेंट. त्यातला एकही चेहरा मला ओळखता आला नाही. तरी रंग आवडले म्हणून घेतला. भारतात पत्र जायला दोन तिकिटं लागायची. वरच्या ओळीतली दोन सोलून पाकिटावर चिकटवली आणि पत्र पेटीत टाकलं.

तीन आठवड्यांनी अण्णांचा एरोग्राम आला. ‘चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद’, मग घरची खुशाली, पावसाची हकीकत, आणि अगदी शेवटी दुमडपट्टीवर बारीक अक्षरात: ‘पाकिटावर हा टोपीवाला कोण? दुसरा कोण? काय खेळतात, आणि तिकीट निघावं असं त्यांनी काय केलं?’

अण्णा शाळामास्तर. प्रश्न विचारला की उत्तर यायलाच हवं. आणि मला उत्तर येत नव्हतं.

माझा संग्रह असा सुरू झाला. पुढची पंधरा वर्षं आम्ही तो दोन घरांत मिळून केला: कोरी तिकिटं माझ्याकडे, शिक्का बसलेली त्यांच्याकडे. मी पत्र पाठवायची, ते पाकिटाचा कोपरा कापून वहीत लावायचे आणि प्रश्न पाठवायचे. मी वाचनालयात जाऊन शोधून लिहायची. बेसबॉल मी मैदानावर शिकले नाही, अण्णांच्या प्रश्नांतून शिकले.

त्या पहिल्या तावावर जॉश गिब्सन होता. त्याच्याबद्दल मी दोन पानं लिहिली होती. हा कृष्णवर्णीय खेळाडू, प्रचंड ताकदीचा फटकेबाज, पण त्या काळी मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना दारच बंद. त्यामुळे सगळं आयुष्य वेगळ्या लीगमध्ये खेळला. जानेवारी १९४७ मध्ये वारला, वय फक्त ३५. त्याच वर्षी १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ते दार उघडलं. तीन महिन्यांचं अंतर. तावावर हे दोघे आहेत, आणि ४२ व्या वर्षी मोठ्या लीगमध्ये पहिला चेंडू टाकायला मिळालेला सॅचेल पेजही आहे. अण्णांनी उत्तरात एकच वाक्य लिहिलं होतं: ‘तिकिटावर आणलं हे चांगलं केलं, पण गिब्सनला कळायला हवं होतं.’

मग मी मागची तिकिटं शोधायला लागले. आमच्या गावाजवळ महिन्यातून एकदा तिकीटसंग्राहक जमायचे. बहुतेक सत्तरीच्या पुढचे. मी एकटीच भारतीय, आणि बायकांमध्येही जवळजवळ एकटीच. पण त्यांनी पहिल्याच दिवशी एक चिमटा हातात ठेवला आणि सांगितलं, बोटाने तिकिटाला हात लावायचा नाही, बोटाचं तेल कागदात उतरतं. तिथेच मी तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची पट्टी वापरायला शिकले आणि डिंक बघायला शिकले. कोऱ्या तिकिटाची किंमत पुढच्या चित्राइतकीच मागच्या डिंकावर ठरते, हे मला आधी पटेना. पूर्वी वहीत लावायला हिंज नावाचा पातळ कागदी तुकडा वापरत, त्याचा डाग डिंकावर राहतो. डाग नसलेलं तिकीट कितीतरी महाग.

जॅकी रॉबिन्सनचं पहिलं तिकीट २ ऑगस्ट १९८२ चं, २० सेंटचं. पुढे हसरा चेहरा आणि मागे होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाजाच्या जागेकडे, घसरत निघालेला तोच. एका पेटीत दहा-दहा सेंटला विकायला ठेवलेल्या तिकिटांत मला ते मिळालं. १९८३ चं बेब रूथ, १९८९ चं लू गेरिग हीसुद्धा त्याच पेटीतून निघाली. गेरिगबद्दल अण्णांना मी लिहिलं की हा सलग २१३० सामने खेळला, एकही चुकवला नाही, आणि शेवटी मज्जातंतूंच्या असाध्य दुखण्याने थांबला. त्या दुखण्याला आज अमेरिकेत त्याच्याच नावाने ओळखतात. अण्णांनी शाळेतल्या मुलांना ती गोष्ट सांगितली. निवृत्त झाले होते तरी बदली शिक्षक म्हणून बोलावलं की जायचे.

पण अण्णांचं सगळ्यात लाडकं तिकीट रॉबर्तो क्लेमेंतेचं. १९८४ चं, २० सेंटचं, मागे पोर्तो रिकोचा झेंडा. हा पिट्सबर्गकडून खेळायचा. बरोबर ३००० हिट, म्हणजे यशस्वी फटके, झाले आणि तो हंगाम संपला. डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वातल्या मानाग्वा शहरात भूकंप झाला. त्याने मदतीचं सामान गोळा केलं, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री ते घेऊन स्वतः विमानात बसला. विमान समुद्रात पडलं. त्याचा देह सापडला नाही.

हे वाचून अण्णांनी सहा पानी पत्र लिहिलं. इतकं लांब पत्र त्यांनी मला आधी कधी लिहिलं नव्हतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते पाटण तालुक्यात नोकरीला होते, हे मला ठाऊक होतं. पण त्या थंडीत उघड्यावर काढलेल्या रात्री, मदतीचे ट्रक येताना दुरून दिसणारे दिवे, कुठल्या तरी लांबच्या गावाहून आलेली घोंगडी आणि त्यात कुणीतरी बांधून दिलेली भाकरी, हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. ‘घोंगडी कुणाची हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुझा हा क्लेमेंते मला त्या माणसासारखा वाटतो. त्याची अजून दोन तिकिटं मिळाली तर पाठव.’ मी चार पाठवली. नवीन पत्रांवर जुनी तिकिटं लावली.

आणि हे जमतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. अमेरिकेत फार जुनी तिकिटंसुद्धा बाद होत नाहीत. १९३९ सालचं ३ सेंटचं तिकीट आजही तीन सेंटांचं काम करतं. दर वाढतात, म्हणून शेजारी आणखी तिकिटं लावावी लागतात, इतकंच.

त्या १९३९ च्या तिकिटाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळं शेवटी तिथेच येतं.

अमेरिकेने बेसबॉलवर काढलेलं ते पहिलं तिकीट. संग्राहक वापरतात त्या स्कॉटच्या तिकीट-कॅटलॉगमध्ये क्रमांक ८५५, जांभळा रंग, ३ सेंट. (जगातलं पहिलं मात्र फिलिपाइन्सचं, १९३४ मध्ये मनिलातल्या ‘फार ईस्टर्न’ क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने निघालेलं. तेही माझ्याकडे आहे, तपकिरी, छोटंसं, फार देखणं.) १२ जून १९३९ ला न्यू यॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या तळ्याकाठच्या छोट्या गावात ते प्रसिद्ध झालं. त्याच दिवशी तिथल्या बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’चं उद्घाटन झालं. टपाल खात्याचे प्रमुख जेम्स फार्ली स्वतः तिकिटं विकायला गावात आले होते. निमित्त होतं खेळाच्या शताब्दीचं: १८३९ मध्ये ॲबनर डबलडे नावाच्या तरुणाने याच गावात बेसबॉल शोधून काढला, असं १९०७ मध्ये एका समितीने जाहीर केलं होतं.

ते खरं नव्हतं. समितीकडे पुरावा होता तो मुख्यतः एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीचा. १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटला लष्करी शिक्षण घेत होता, आणि पुढे सेनापती झाल्यावर खेळ आपण काढला असं तो कधी म्हणाला नाही. खेळ हळूहळू, अनेक गावांत, अनेक मुलांनी घडवला. न्यू यॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये नियम लिहून काढले, आणि १९ जून १८४६ चा प्रसिद्ध सामना झाला तो होबोकेनला, आमच्या न्यू जर्सीत. मी मुद्दाम तिथे जाऊन आले. आता मैदान नाही, रस्त्याच्या चौकात खूण तेवढी ठेवली आहे. कॅनडाने तर १९८८ मध्ये स्वतःचं तिकीट काढलं आणि त्यावर वर्ष घातलं १८३८, ओंटारिओतल्या बीचव्हिल गावच्या सामन्याचं. कूपरस्टाउनच्या आधी एक वर्ष!

पण १९३९ च्या तिकिटावर डबलडे नाहीच. गावातलं मोकळं आवार, मागे घरं आणि झाडं, आणि मुलं खेळताहेत. एक बॅट घेऊन उभा, एक वाकून मागे, बाकीची पांगलेली, काही नुसती बघत. कुणालाही नाव नाही. माझ्या मते इतकं खरं तिकीट अमेरिकेने या खेळावर पुन्हा काढलं नाही. कारण चुकीचं, तारीख चुकीची, पण चित्र अगदी बरोबर. खेळ असाच जन्माला आला असणार.

अण्णांना हे चित्राच्या झेरॉक्ससह लिहिलं. उत्तर आलं: ‘आमच्या वाड्यामागच्या पटांगणासारखं आहे. मिळालं तर पत्राला लावून पाठव.’

मी पाठवलं नाही. तेव्हा माझ्याकडे एकच होतं, डिंकावर डाग नसलेलं, अगदी स्वच्छ. तसं बघितलं तर दोन-तीन डॉलरची वस्तू. आठ कोटींवर छापली गेलेली. दुसरं सहज मिळालं असतं. पण मी तेव्हा भलतीकडेच गुंतले होते. मला त्या तिकिटाचं ‘पहिल्या दिवसाचं पाकीट’ हवं होतं, कूपरस्टाउनचा १२ जूनचा शिक्का आणि डाव्या बाजूला छापील चित्र असलेलं. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडे सुंदर चित्राचं पाकीट दिसलं आणि मी बरेच पैसे मोजून घेतलं. आमच्या संग्राहक मंडळातल्या एका आजोबांनी भिंगाखाली धरलं आणि गप्प झाले. मग मला दाखवलं: चित्राच्या शाईची एक रेघ शिक्क्याच्या कडेवरून गेलेली होती. शाई शिक्क्याच्या वर म्हणजे चित्र शिक्क्यानंतर छापलेलं, कितीतरी वर्षांनी, साध्या पाकिटाची किंमत वाढवायला. शिक्का खरा, तिकीट खरं, चित्र मागाहून चढवलेलं. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. तेव्हापासून कुठलंही पाकीट घेताना मी आधी शाई कुणाच्या वर आहे ते बघते. १९६९ चं ६ सेंटचं तिकीटही असंच भिंगातून बघते. व्यावसायिक बेसबॉलच्या शंभर वर्षांनिमित्त ते सिनसिनाटीत निघालं, आणि त्याच्या थोड्या प्रतींत काळा रंग छापायचाच राहून गेला, त्यामुळे अक्षरंच नाहीत. माझ्याकडच्या प्रत्येक प्रतीत अक्षरं आहेत, तरी नवीन आली की बघितल्याशिवाय राहवत नाही.

नंतरची वर्षं भराभर गेली. २००१ चा दहा जुन्या मैदानांचा ताव आला. त्यातली आज फक्त दोन उभी आहेत, बॉस्टनचं फेनवे पार्क आणि शिकागोचं रिगली फील्ड. २००६ मध्ये मँटल, ऑट, कॅम्पानेला, ग्रीनबर्ग. २०१० मध्ये निग्रो लीगची जोडतिकिटं. त्यातल्या एकावर रूब फॉस्टर, ज्याने १९२० मध्ये कॅन्सस सिटीत कृष्णवर्णीयांची लीग उभी केली. २०१२ मध्ये लॅरी डोबी, रॉबिन्सननंतर काही आठवड्यांतच मोठ्या लीगच्या दोन शाखांपैकी दुसरीचं दार उघडणारा. तो वाढला आमच्याच राज्यातल्या पॅटरसनमध्ये. फोनवर रोज बोलणं होत होतं, पण पत्र बंद करायचं नाही असं अण्णांचं सांगणं होतं. त्यांनीही मला १९९६ चं क्रिकेटपटू देवधरांचं दोन रुपयांचं तिकीट लावून पाठवलं, आणि २०१३ मध्ये सचिनचं. सचिनचं बघून मंडळातले आजोबा चकित झाले. हयात माणसाचं तिकीट काढायची त्यांच्याकडे रीत नाही.

अण्णा २०१६ मध्ये गेले. त्यानंतर मी तीन वर्षं अल्बम उघडला नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं. आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेली. दादा-वहिनी वेळेवर बाहेर पडले. पाणी ओसरल्यावर दादाचा फोन आला. खालच्या खोलीतलं कपाट तीन दिवस पाण्यात होतं. अण्णांची पत्रं, माझी पत्रं, सगळ्यांचा लगदा. ‘वही आहे तिकिटांची. फेकू का?’

मी ओरडलेच. मग शांतपणे सांगितलं: पानं ओढून सोडवायची नाहीत. चिखल वाळू द्यायचा नाही. परातीत स्वच्छ पाणी घे, वही तशीच आडवी बुडव, पाणी गढूळ झालं की बदल. पानं आपसूक सुटी झाली की एकेक उचलून टिपकागदावर ठेव. उन्हात नको, पंख्याखाली. वरून दुसरा टिपकागद आणि त्यावर पाट. दादाने दोन दिवस हेच केलं, घरभर चिखल असताना. त्याने कधी एक तिकीट जमवलं नव्हतं.

डिसेंबरमध्ये गेले तेव्हा वही हातात घेतली. पानं पिवळी, लहरदार, नदीचा वास. २००० सालची तिकिटं कागदावरून सुटून सरकली होती, कारण त्यांच्या गोंदाखाली पाण्यात विरघळणारा थर असायचा. नंतरच्या स्वयंचिकट तिकिटांत तो थर काढून टाकला गेला. संग्राहक त्याबद्दल अजून कुरकुरतात, कारण ती पाण्यात घालून सोडवताच येत नाहीत. मीही कुरकुरत होते. पण ग्रीनबर्ग, फॉस्टर, डोबी आपापल्या कागदी तुकड्याला घट्ट धरून तीन दिवस पाण्यात राहिले आणि जागच्या जागी होते.

अण्णा पत्रं शाईने लिहायचे, ती सगळी गेली. पण मी एकदा लिहिलं होतं की तिकिटाजवळ शाई नको, मऊ शिसपेन्सिल वापरा. वहीतला प्रत्येक शब्द पेन्सिलीचा होता. शिसं पाण्यात विरघळत नाही. गिब्सनखाली ‘तीन महिने’. गेरिगखाली ‘२१३०’. क्लेमेंतेची पाच तिकिटं एका ओळीत, खाली फक्त ‘घोंगडी’. पहिल्या पानाच्या आतल्या बाजूला सूचना: ‘कापताना कडेला करंगळीइतका कागद ठेवणे. दाते कापू नयेत.’ आणि शेवटच्या पानावर पट्टीने आखलेली एक रिकामी चौकट. मापाने अगदी बरोबर, आडवी. खाली: ‘१९३९, ३ सेंट, जांभळे. ताई पाठवेल.’

२०२१ मध्ये योगी बेराचं तिकीट लिटल फॉल्सला त्याच्या संग्रहालयात प्रसिद्ध झालं, आमच्यापासून जवळच. ते मी घेतलं, पण पाठवलं नाही. आधी ती चौकट भरायची होती.

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही कूपरस्टाउनला गेलो. मेन स्ट्रीटवर एका बाजूला हॉल ऑफ फेम आणि रस्त्यापलीकडे टपाल कार्यालय. लोक हॉलच्या दारात रांगेत होते; मी आधी रस्ता ओलांडून गेले. पाकीट घरूनच तयार केलं होतं: परदेशी टपालाचं गोल तिकीट आणि त्याच्या शेजारी माझं ते स्वच्छ, डाग नसलेलं जांभळं तिकीट. त्याचा ८३ वर्षं जपलेला डिंक मी आदल्या रात्री ओल्या स्पंजाने भिजवला होता. पाकिटावर नाव अण्णांचं, पत्ता सांगलीचा. खिडकीवरच्या माणसाला विनंती केली की यंत्रात नको, हाताने शिक्का मारा. त्याने तिकीट बघितलं, ठसा शाईच्या गादीवर दोनदा दाबला, एका कोऱ्या कागदावर उमटवून पाहिला आणि मग हलक्या हाताने कोपऱ्यावर ठेवला. मुलं झाकली गेली नाहीत.

पाकीट पोचायला तीन आठवडे लागले. दादाने फोन केला. वही समोर उघडी होती, भाच्याच्या हातात गरम पाण्याची वाटी होती, त्याने कुठेतरी वाचलं होतं की जुनी तिकिटं पाण्यात सोडवतात.

‘पाण्यात नको,’ मी म्हणाले. ‘कात्रीने काप. कडेला करंगळीइतका कागद ठेव.’